पद्मिनीला कोणता प्लग?

मे महिन्यात भर दुपारी धुळ्याहून मालेगावकडे निघालेली जुनी पद्मिनी लळिंगच्या चढाला लागली की धाप टाकू लागते. आधी झटके, मग फटफट, मग गाडी बंद. चालक बॉनेट उघडतो, चारही प्लग काढतो, पॉलिश पेपरने घासतो आणि पुन्हा आवळतो. तोवर अर्धा तास गेलेला असतो. किल्ली फिरवल्यावर गाडी निमूटपणे सुरू होते. ‘प्लग गेले होते’ असा निकाल लागतो आणि चार दिवसांत धुळ्याच्या किंवा जळगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा सेट येतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच चढावर, त्याच नव्या प्लगांसह, तीच गाडी पुन्हा उभी राहते.

दुसरे कोडे दुकानाच्या काउंटरवरचे. दुकानदार दोन प्लग पुढे ठेवतो. दोन्ही पांढरेशुभ्र, दोन्हींचे आटे सारखे, दोन्ही एकाच पान्याने बसणारे. त्यातला एक इंजिनात वर्षानुवर्षे चालेल, दुसरा पिस्टन जाळू शकेल. फरक असतो अंगावर छापलेल्या एखाद्या अक्षराचा किंवा आकड्याचा, आणि पुष्कळदा तो वाचायची तसदी ना विकणारा घेत, ना विकत घेणारा.

दुसऱ्या कोड्याचे उत्तर प्लगच्या टोकावरच्या मिलिमीटरभर फटीत आणि त्यामागच्या उष्णतेच्या हिशेबात आहे. पहिल्याचे उत्तर प्लगमध्ये नाहीच, ते शेवटी पाहू.

खानदेशातली जुनी पेट्रोल मंडळी

जळगाव-धुळ्याकडे जपून ठेवलेल्या जुन्या चारचाक्यांत तीन नावे वारंवार ऐकू येतात. पहिली पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. दुसरी उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बेसेडर. ती मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली. १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाने तिने कित्येक वर्षे सरकारी कचेऱ्यांची दारे राखली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिसरी विलीज जीप. महिंद्र आणि महिंद्र कंपनीने १९४७ पासून तिची मुंबईत जोडणी सुरू केली.

यावल, चोपडा, साक्रीच्या रस्त्यांवर माणसे वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या डिझेल जीपांचा मात्र इथे संबंध नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापूनच इंधन पेटते. तिथला ‘हीटर प्लग’ थंड इंजिन सुरू करताना फक्त ऊब देतो, ठिणगी देत नाही. अनेक विलीज मालकांनी मधल्या काळात डिझेल इंजिन बसवून घेतले, त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिनासह उरलेली विलीज आता मोलाची झाली आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेचे वेगळे क्रमांक आणले. अशा नोंदणीची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे गाडी उभी जास्त आणि चालते कमी. प्लगच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे यायचे आहे.

बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पिस्टनने दाबले की ठरलेल्या क्षणी त्याला ठिणगी हवी. गाडीतली बॅटरी १२ व्होल्टची. जुन्या विलीजची तर ६ व्होल्टचीच. एवढ्या दाबाची वीज केसाएवढी फटही ओलांडू शकत नाही. ती वाढवण्याचे काम कॉइल करते.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे. दुसरे अगदी बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. जाड तारेतून बॅटरीची वीज वाहू लागली की गाभ्यात चुंबकत्व साठते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की वीज तुटते, साठलेले चुंबकत्व क्षणात कोसळते आणि बारीक तारेत दहा-पंधरा हजार व्होल्ट उसळतात. पॉइंटजवळचा छोटा कंडेन्सर तिथे ठिणगी उडू देत नाही, म्हणून वीज झटकन तुटते. तो खराब झाला की पॉइंट जळतात, प्लगची ठिणगी अशक्त होते आणि दोष मात्र प्लगच्या माथी येतो.

डिस्ट्रिब्युटरचा रोटर ही वीज क्रमाने चारही सिलिंडरना वाटतो. पद्मिनी आणि अॅम्बेसेडर दोन्हींचा क्रम १-३-४-२. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा पेटतो, चारही मिळून १००. जळगावहून धुळ्याला दीड-दोन तासांत पोहोचेपर्यंत एकेका प्लगने लाखभर ठिणग्या टाकलेल्या असतात.

उच्च दाबाच्या मॅग्नेटोसह प्लगची ही पद्धत स्टुटगार्टच्या बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये व्यवहारात आणली. त्याच बॉशची भारतातली कंपनी १९५१ मध्ये बंगळुरूला ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ या नावाने सुरू झाली. आद्याक्षरांवरून तिचे मायको झाले, आणि दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांसाठी प्लग म्हणजे मायको हे समीकरण बसले. नाशिकचे मायको सर्कल खानदेशातून मुंबईला जाणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. तिथला कारखाना मात्र डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरचा. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. जुन्या दुकानांच्या फळ्यांवर मायकोचे खोके आजही कधीमधी सापडते. चिनी मातीला तडा नसेल आणि आट्यांना गंज नसेल तर असा प्लग खुशाल वापरावा. कोरड्या जागी ठेवलेला प्लग नुसता पडून खराब होत नाही.

गरम प्लग, थंड प्लग

प्लगच्या निवडीतला सगळ्यात गैरसमजाचा भाग हाच. ‘गरम’ प्लग जास्त तेज ठिणगी देतो, ‘थंड’ प्लगने इंजिन थंड राहते, असे गॅरेजमध्ये सर्रास बोलले जाते. दोन्ही चूक. या शब्दांचा ठिणगीशी संबंध नाही. प्लग स्वतःच्या टोकावरची उष्णता किती वेगाने बाहेर काढून देतो, एवढेच ते सांगतात.

प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या सिरॅमिकचे आवरण असते. त्याचे ज्वलनकक्षात डोकावणारे निमुळते टोक म्हणजे प्लगचे नाक. भडक्याच्या क्षणी तिथे दोन हजार अंशांच्या वर तापमान जाते, पुढच्याच क्षणी थंड मिश्रण आत येते. या चढउतारात नाकाचे सरासरी तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहायला हवे. ४५० च्या खाली काजळी जळून जात नाही, साचत जाते. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे ती ठिणगीच्या फटीऐवजी नाकावरून सरपटत बॉडीला जाते आणि गाडी मिसिंग मारू लागते. ८५० च्या बरेच वर गेले तर नाक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवून देते. पिस्टन वर येत असताना त्याच्या डोक्यावर स्फोट होतो. पिस्टनला भोक पडण्याचे हे एक प्रमुख कारण.

नाकाची उष्णता बाहेर जाते ती सिरॅमिकमधून धातूच्या बॉडीकडे, तिथून आटे आणि वायसरमधून हेडला, आणि हेडमधून पाण्याला. काळ्या जमिनीतल्या शेताला पाणी काढून देणारा चर असतो, तसा हा मार्ग आहे. चर आखूड आणि उताराचा असेल तर पाणी लगेच ओसरते. लांब वळसा घेणारा असेल तर शेतात तुंबते. फार लवकर ओसरले तर पीक सुकते, तुंबले तर मुळे कुजतात. प्लगचे नाक आखूड असेल तर उष्णता चटकन ओसरते. तो थंड प्लग. नाक लांब असेल तर ती रेंगाळते. तो गरम प्लग. जास्त दाबाच्या, जोराने पळवायच्या इंजिनाला थंड प्लग लागतो. पद्मिनी-विलीजसारख्या कमी दाबाच्या संथ इंजिनाला तुलनेने गरम.

इथे खानदेशाचा स्वतःचा प्रश्न येतो. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा एक नंबर थंड प्लग घालावा का? उत्तर नाही असेच आहे. बाहेरची हवा ३० वरून ४५ अंशांवर गेली तरी दोन हजार अंशांच्या भडक्यापुढे तो फरक नगण्य आहे. उन्हाळ्यात इंजिन खडखडत असेल तर आधी टायमिंग, रेडिएटर आणि कार्बोरेटर तपासावेत. प्लगचा नंबर बदलून यातला एकही दोष जात नाही.

आकड्यांची उलटी भाषा

प्रत्येक कंपनीची प्लग मोजायची पद्धत वेगळी, आणि ती अनेकदा एकमेकींच्या उलट. जपानच्या एनजीके कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. डेन्सोचेही तसेच. अमेरिकन चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम होतो. बॉशने तर मधेच पद्धत बदलली: जुन्या मायको-बॉश प्लगवर १४५, १७५, २२५ असे मोठे आकडे असत आणि आकडा वाढला की प्लग थंड होई. नव्या पद्धतीत २ पासून १३ पर्यंतचे लहान आकडे आले आणि आकडा वाढला की प्लग गरम. जुना १७५ म्हणजे नवा ७.

एक नमुना जवळून पाहण्याजोगा आहे. अॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाच्या जातकुळीला, म्हणजे ब्रिटिश बी-सिरीज इंजिनांना, जगभर वापरला जाणारा प्लग चॅम्पियनचा एन९वायसी. त्याच्या जोडीला एनजीकेचा बीपी६ईएस आणि बॉशचा डब्ल्यू७डीसी. आकडे ९, ६ आणि ७, काम एकच. एनजीकेच्या नावातला ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे, ‘पी’ म्हणजे नाक थोडे बाहेर आलेले, ६ म्हणजे उष्णतेची पायरी, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. ‘ई’च्या जागी ‘एच’ असेल तर लांबी १२.७ मिलिमीटर. नावात ‘आर’ आला तर आत सुमारे पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो, तो रेडिओतली खरखर थांबवतो आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांना त्रास होऊ देत नाही. पॉइंटवरच्या जुन्या गाडीला त्याची गरज नाही, पण नुसता तोच मिळत असेल तर गाडी त्यावरही चालते. कोणी पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल तर मात्र रेझिस्टरचाच प्लग घ्यावा.

आता कल्पना करावी की कोणी ‘एक नंबर वाढवून द्या’ म्हणतो. एनजीकेत ६ चा ७ केला तर थंड प्लग मिळेल, बॉशमध्ये ७ चा ८ केला तर गरम. वाक्य तेच, परिणाम उलटा. म्हणून दुकानात कंपनीचे नाव आणि पूर्ण नंबर दोन्ही सांगावे. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीत बदलून घेताना तक्ता डोळ्यांसमोर ठेवूनच प्लग घ्यावा.

लांबीची चूक महाग पडते

आट्यांचा व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, त्यामुळे ती चूक आपोआप कळते. लांबीची चूक कळत नाही. १२.७ मिलिमीटरच्या हेडमध्ये १९ चा प्लग आरामात फिरत जातो, आणि त्याचे टोक ज्वलनकक्षात सहा मिलिमीटर जास्त उतरते. पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला थडकू शकतो. थडकला नाही तरी उघड्या आट्यांवर कार्बन चढतो आणि पुढे प्लग काढताना हेडचे आटेच निघून येतात. उलट लांब हेडमध्ये आखूड प्लग बसवला तर ठिणगी खोबणीत लपते, मिश्रण नीट पेटत नाही आणि हेडचे मोकळे आटे काजळीने भरतात.

वायसरच्या प्लगची बैठक सपाट असते, बिनवायसरच्या प्लगची निमुळती. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मग गॅप. मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधली फट जितकी मोठी तितके जास्त व्होल्ट लागतात, आणि सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी जास्त. पॉइंटवरच्या बी-सिरीज इंजिनाला ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर फट सांगितली आहे, विलीजला ०.०३० इंच, म्हणजे ०.७६. खोक्यावर शेवटी ‘-११’ लिहिलेला एनजीके प्लग १.१ मिलिमीटर गॅपचा असतो, तो इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांसाठी. जुन्या कॉइलवर तो उभ्या गाडीत छान चालेल आणि घाटात पाय दाबला की दगा देईल, कारण चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढे व्होल्ट कॉइलकडे नसतात. नवा प्लग खोक्यातून काढला तरी फिलर गेजने गॅप मोजायचीच. वाकवायचा तो बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्यावर जोर दिला तर आतले सिरॅमिक तडकते आणि तो तडा बाहेरून दिसत नाही.

चौकट : काउंटरवर प्लग हातात घेतल्यावर

• गाडीच्या पुस्तिकेतला नंबर लिहून न्यावा. पुस्तिका नसेल तर सध्याचा प्लग सोबत न्यावा, पण तोही चुकीचा असू शकतो. आट्यांची लांबी पट्टीने मोजून हेडशी जुळवावी.
• छपाई पुसट किंवा वाकडी, अक्षरे नखाने निघणारी असतील तर प्लग परत द्यावा.
• मधला इलेक्ट्रोड नेमका मध्यभागी आणि बाजूचा त्याच्या बरोबर समोर असावा.
• आटे गुळगुळीत असावेत. वायसर सैल पडून हातात येऊ नये.
• एकाच खोक्यातल्या चार प्लगांची गॅप मोजावी. ती चारही ठिकाणी भलतीच वेगळी निघाली तर माल नकली असण्याची दाट शक्यता.
• बिल मागावे. अधिकृत विक्रेता बिल द्यायला कां-कूं करत नाही.

प्लगचे तोंड काय सांगते

गाडी पंधरा-वीस किलोमीटर एका वेगाने चालवून आणावी, उभी करून फार वेळ रिकामी चालू ठेवू नये, इंजिन निवू द्यावे आणि मग प्लग काढावेत. काढतानाच कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे कागदावर आखून ठेवावे. उजेडात धरले की नाकाचा रंग बोलू लागतो.

फिकट तपकिरी किंवा करडा रंग असेल तर सगळे ठीक. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसे असलेले पेट्रोल बंद झाले, तेव्हापासून चांगला प्लगही पूर्वीपेक्षा फिका दिसतो. जुन्या पुस्तकातला गडद रंग आता शोधू नये.

कोरडी, मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोक पूर्ण उघडत नाही, एअर फिल्टर तुंबला आहे, किंवा पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ आहे. ओलसर, तेलकट काळेपणा वेगळा: पिस्टन रिंग झिजल्या किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल उतरते. चारपैकी एकच प्लग तेलकट असेल तर दोष त्या सिलिंडरचा, प्लगचा नाही. पांढरेफटक नाक, त्यावर बारीक फोड, कडा वितळलेला इलेक्ट्रोड दिसला तर गाडी पुढे नेऊच नये. मिश्रण पातळ आहे, टायमिंग पुढे गेले आहे किंवा प्लग जास्त गरम आहे.

खानदेशात जपलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांचे प्लग मात्र काळे निघतात, आणि त्याला कारण गाडीचा वापर. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढायची, दहा मिनिटे चालू ठेवायची, पुन्हा शेडमध्ये. लग्नाच्या वरातीत फुलांनी सजवून बँडमागे तासभर पहिल्या गिअरमध्ये रांगवायची. अशा चालण्यात नाक ४५० अंशांपर्यंत पोहोचतच नाही, काजळी साचत राहते, आणि वरात मांडवात पोहोचण्याआधी गाडी आचके देऊ लागते. यावर पहिला उपाय नवा प्लग नाही. महिन्यातून एकदा तरी गाडी पारोळा किंवा एरंडोलपर्यंत मोकळ्या रस्त्याने ऐटीत पळवून आणावी, काजळी आपोआप जळते. एवढे करूनही काळेपणा जात नसेल आणि कार्बोरेटर, चोक, टायमिंग ठीक असतील तर उष्णतेची एक पायरी गरम प्लग घालून पाहायला हरकत नाही. मग मात्र त्याच प्लगांवर इंदूरपर्यंत भरधाव जाऊ नये.

काळा प्लग साफ करायला तारेचा ब्रश अनेक जण वापरतात. ब्रशच्या धातूच्या बारीक रेघा सिरॅमिकवर उमटतात आणि त्या विजेला आडवाट देतात. पेट्रोलमध्ये भिजवून नरम ब्रशने पुसावा, पूर्ण वाळवावा. जुन्या गॅरेजमध्ये वाळू मारून प्लग साफ करायचे मशीन असते. त्यानंतर नाकाभोवतीच्या खोबणीत वाळूचा कण राहिला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो, म्हणून हवेचा फवारा मारून नीट पाहून घ्यावे.

लळिंगच्या चढावर नेमके काय बिघडते

पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनालाच बोल्टने जखडलेला. चढावर इंजिन जोर लावते, गाडीचा वेग कमी, समोरून वारा कमी, बाहेर ४४-४५ अंश. बॉनेटखालचे तापमान चढत जाते. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे आणि त्यातली हलकी द्रव्ये चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंपात आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. पंप वाफ दाबत बसतो, कार्बोरेटर कोरडा पडतो, गाडी थांबते. अर्ध्या तासात सगळे निवते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी सुरू होते. त्या अर्ध्या तासात चालकाने प्लग घासलेले असतात, म्हणून श्रेय प्लगला जाते. पंपावर ओले फडके टाकणारे जुने ड्रायव्हर या बाबतीत बरोबर होते.

तापल्यावर कॉइल आणि कंडेन्सरही दगा देऊ शकतात, तेव्हा निदान अंदाजाने करू नये. गाडी बंद पडताच किल्ली बंद ठेवून कार्बोरेटरवरचा एअर फिल्टर काढावा आणि आत पाहत अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढावी. पेट्रोलची चिळकांडी दिसली नाही तर दोष पेट्रोलचा. चिळकांडी दिसली तर ठिणगी तपासावी, पण त्यासाठी गरम इंजिनातला प्लग काढू नये. डिकीत एक जादा प्लग असावा. एअर फिल्टर परत बसवून तो प्लग वायरला जोडावा, बॉडी कार्बोरेटरपासून दूर इंजिनाच्या धातूला टेकवावी, हात लांब ठेवून दुसऱ्याला किल्ली मारायला सांगावी. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी चांगली; लालसर, बारीक ठिणगी म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंटकडे वळावे. उघड्या हवेत ठिणगी पडली म्हणजे दाबाखाली पडेलच असे नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

गरम इंजिनातला प्लग काढू नये यामागे पद्मिनीपुरते एक खास कारण आहे. तिचे हेड अॅल्युमिनियमचे. तापलेल्या अॅल्युमिनियमचे आटे मऊ पडतात आणि पोलादी प्लगबरोबर निघून येतात. घाटात दरवर्षी प्लग काढून घासायच्या सवयीने किती हेडे लेथवर गेली असतील, हे धुळ्याचा कोणताही जुना मशिनिस्ट सांगेल.

पेट्रोलचीही घडण बदलली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. पद्मिनीच्या कार्बोरेटरचे जेट पितळेचे, भोक ठरलेले. त्याला काही कळत नाही, आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. प्लगचे नाक पूर्वीपेक्षा पांढरे दिसू लागले असेल तर आधी जेटचा आकार तपासून घ्यावा, जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात. हा दोष थंड प्लगने झाकता येतो, दुरुस्त होत नाही.

बसवायची रीत, आणि महागड्या प्लगचा मोह

इंजिन थंड असताना प्लगच्या खळग्यातली धूळ हवेने उडवावी. नवा प्लग पान्याशिवाय, बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावा. दुसऱ्या फेऱ्यातच अडला तर आटे तिरके बसले आहेत. उलटा फिरवून पुन्हा धरावा. वायसर टेकला की मग पान्याने अर्धा ते पाऊण फेरा, बस्स. वापरलेला प्लग परत बसवताना वायसर आधीच दबलेला असतो, म्हणून फेऱ्याचा बारावा भागच पुरे. अॅल्युमिनियम हेडवर पान्याला पाइप लावून आवळणारा मेकॅनिक कितीही नावाजलेला असला तरी त्याचा हात धरावा.

राहिला प्रश्न इरिडियमचा. इरिडियम २४४६ अंशांना वितळते, निकेल १४५५ ला. त्यामुळे इरिडियमचा मधला इलेक्ट्रोड अर्ध्या मिलिमीटरइतका बारीक ठेवता येतो, साधा अडीच मिलिमीटरचा असतो. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टांत उडते आणि टोक फार दिवस झिजत नाही. अशक्त कॉइलला याची थोडी मदत होते हे खरे. पण वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला साधा निकेलचा, तांब्याच्या गाभ्याचा प्लगही कित्येक वर्षे पुरतो, आणि काजळी किंवा ऑइलने बिघडणारा प्लग इरिडियमचा असला तरी बिघडतोच. जुन्या पॉइंटवरच्या पेट्रोल गाडीला योग्य नंबरचा, योग्य लांबीचा, खात्रीच्या दुकानातला साधा प्लग पुरेसा आहे. वाचलेले पैसे डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, कंडेन्सर आणि प्लगच्या वायरी नव्या घेण्यात घालावेत. आणि सेट बदलल्यावर कंपनीचे नाव, पूर्ण नंबर, गॅप व तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी, म्हणजे पुढचा मेकॅनिक कोणीही असला तरी त्याला विचारत बसावे लागणार नाही.